फोनमधून फ्रेममध्ये!

तुमच्या फोनच्या गॅलरीत आत्ता किती फोटो आहेत? पाच हजार? दहा हजार? त्यातला कागदावर किती? आणि गावाकडच्या आजीचा एक तरी? आधार कार्डावरचा धरायचा नाही हं!

हसण्यावारी नेऊ नका. घरातलं कुणी गेलं की हार घालायला फोटो लागतो आणि पळापळ सुरू होते. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, नाहीतर मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करायचा. आयुष्यभर राबलेलं माणूस मग भिंतीवर कायमचं दचकलेलं दिसतं.

यावरचा इलाज आता जेवणाच्या डब्याएवढ्या मशीनमध्ये मावतो. कॉम्पॅक्ट फोटो प्रिंटर!

परभणी जिल्ह्यातलं पालम घ्या. तालुक्याचं ठिकाण, पण रेल्वे हवी तर गंगाखेड गाठायचं. अशा ठिकाणी लाखोंची कलर लॅब टाकायची म्हणजे छातीत धडकीच. पण समजा, बसस्टँडजवळ झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्मचं दहा बाय दहाचं दुकान आहे. तिथल्या काउंटरवर हा डबा आरामात बसतो. उदाहरणार्थ, 2022 मध्ये आलेला कॅननचा सेल्फी सीपी 1500. (हो, नाव खरंच ‘सेल्फी’, फक्त इंग्रजी स्पेलिंग वेगळं!) मोबाइलवरून वायफायने फोटो पाठवा, साधारण 41 सेकंदांत पोस्टकार्ड साइजची प्रिंट हातात.

फंडा काय? यात पातळ शाई नसतेच. रिबनवर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगाचे पट्टे असतात. उष्णतेने तो रंग कागदात उतरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. तीन वेळा रंगासाठी, चौथ्यांदा वरच्या पारदर्शक थरासाठी. त्यामुळे फोटो कोराकरकरीत कोरडा, पाण्याचा थेंब पडला तरी फिसकटत नाही. इंकजेट बरेच दिवस बंद राहिला तर नोझल तुंबते, इथे ती भानगड नाही. दिवसाला चारच गिऱ्हाइकं येणाऱ्या दुकानाला हे फिट्ट!

आता गणित. कागद आणि रिबन जोडीनेच येतात, मोठा पॅक 108 प्रिंटचा. पॅकच्या किमतीला 108 ने भागा, झाला तुमचा खर्च. फोटो पांढराफटक असो की काळाकुट्ट, रिबन तेवढीच खर्च होते. 35 बाय 45 मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो एका कागदावर बरोबर आठ बसतात. रोजची कमाई तिथेच. मात्र पासपोर्टवाल्यांची रांगच लागत असेल, तर इंक टँकचा फोटो प्रिंटर जास्त परवडतो.

दुकानदारांनो, तीन टिप्स. प्रिंटर भिंतीला चिकटवून ठेवू नका, छापताना कागद मागच्या बाजूनेही बाहेर येतो. धूळ टाळा, एक कण बसला की फोटोवर पांढरा ठिपका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वापरलेली रिबन तशीच कचऱ्यात टाकू नका. तिच्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा निगेटिव्हसारखा उमटलेला असतो. कात्रीने तुकडे करा आणि मगच फेका.

आणि तुम्ही, पुण्या-मुंबईत एसीत बसलेल्या मंडळींनी? दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे क्वालिटी मार खात नाही. चांगल्या प्रिंटला साधारण 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात. भिंतीवरची मोठी फ्रेम मात्र या डब्यातून निघणार नाही. तिच्यासाठी मूळ फाइल जपून ठेवा आणि मोठ्या शहरातल्या लॅबमधून प्रिंट करून घ्या.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आजीला सकाळच्या कोवळ्या उन्हात ओट्यावर बसवा. तिला तिचं आवडतं लुगडं नेसू द्या, गप्पा मारत मारत चार-पाच क्लिक करा. त्यातला बेस्ट निवडा आणि दुकानात जाऊन दोन प्रिंट काढा. एक तिच्या ट्रंकेसाठी, एक तुमच्या ऑफिसच्या डेस्कसाठी. हार घालायची वेळ यायची तेव्हा येईल. त्याआधी आजीने स्वतःचा फोटो हातात धरून, ‘अगं बया, एवढी म्हातारी झाले का मी?’ असं म्हणायला नको का?