नाळेवर वहाणा

अलीकडे कोंकण किनाऱ्यावर एका मचव्यांतून जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. मंडळींत एक पदवीधर स्नेही होते. तांडेलानें धक्क्यावरच सर्वांस वहाणा काढून हातांत घेण्यास सांगितलें. आमच्या स्नेह्यांनीं मात्र बुटांसह थेट नाळेवर पाय दिला आणि वर "समुद्राला बूट चावत नाहींत" असा विनोदही केला. तांडेल रागावला नाहीं. त्यानें डबाभर खारें पाणी त्या जागेवर ओतलें, हात जोडले व मुकाट्यानें सुकाणूं धरलें. मंडळी हंसली, आम्हांस हंसूं आलें नाहीं.

भोळ्या समजुतींचे आम्ही कैवारी नव्हे, हें वाचकांस सांगावयास नकोच. परंतु सुधारणेच्या नांवाखालीं उद्धटपणा खपूं लागला, तर त्यांत सुधारणेचेंच नुकसान आहे. नाळ म्हणजे त्या माणसांस होडीचा नुसता पुढचा भाग नव्हे. नारळी पौर्णिमेस हळदकुंकू तिला लागतें, हार तिच्यावर पडतो, आणि लाटेंत प्रथम शिरते तीही तीच. ज्याचें पोट, ज्याचा जीव व बहुधा ज्याचें कर्जही त्या फळ्यांवर तरंगतें, त्यानें तिला देव्हाऱ्याचा मान दिला, तर दोन घटकांच्या पाहुण्याचें त्यांत काय गेलें?

शिवाय नावाड्यांच्या सर्वच रूढी निरर्थक असतात, असेंही नाहीं. युरोपांतील शिडाच्या जहाजांवर शीळ घालण्यास मनाई असे. शिळेनें वादळ जागें होतें, अशी खलाशांची समजूत. पण त्याच जहाजांवर हुकूम शिट्टीनें दिले जात. तेव्हां रिकामटेकड्याच्या शिळेनें घोटाळा होण्याचा संभव खराच होता. समजूत भोळी, मनाई शहाणी!

हंसणाऱ्या शहरी मंडळींनीं आपल्या घराकडेही पाहावें. समुद्रयान कलिवर्ज्य ठरविणारे कोणी कोळी किंवा खारवी नव्हते. १८८८ सालीं विलायतेस निघालेल्या गांधीजींस त्यांच्या ज्ञातीनें मुंबईंत बहिष्कृत केलें, तेंही समुद्रापार जाण्याच्या गुन्ह्याबद्दल. शास्त्र उघडून किनाऱ्यावर बसले कोण, आणि नारळ वाहून लाटांत शिरले कोण, ह्याचा हिशेब एकदां व्हावा.

मग काय प्रत्येक रूढीपुढें मान तुकवावी? मुळींच नाहीं. वकिलीच्या संवयीनें आम्ही एकच प्रश्न विचारतों: ह्या समजुतीचा खर्च कोणावर पडतो? वहाणा काढण्याचा खर्च पाहुण्यावर. तो त्यानें निमूटपणें द्यावा. परंतु बाई होडींत चढली तर अनर्थ ओढवतो, ही जी समजूत अनेक देशांच्या नावाड्यांत आढळते, तिचा खर्च जिच्यावर पडतो, तिला कोणीं विचारलेलेंच नसतें. मासळीची पाटी बाईनें डोक्यावर घेऊन बाजार गांठावा, पण ज्या होडीनें ती मासळी आणली तींत तिनें पाय ठेवूं नये, हा न्याय कसला? येथें पाहुण्याचें मौन म्हणजे सभ्यता नव्हे. ती संमति होते. तथापि भर समुद्रांत तांडेलाचा पाणउतारा हाही उपाय नव्हे. बोलावयाचें तें धक्क्यावर, बरोबरीनें बसून बोलावें. गोव्याहून १० सप्टेंबर २०१७ रोजीं 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन आपल्या नौदलाच्या ६ स्त्री-अधिकारी निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजीं सुखरूप परतल्या, हें त्यास सांगावें. त्या नौकेचें नांव ओडिशांतील तारातारिणी देवीवरून ठेविलें आहे, हेंही सांगावें. तें त्यास आमच्या दहा व्याख्यानांपेक्षां लवकर पटेल.

अमावास्या, वार, शकुन ह्यांच्या आड खरा धोका झांकला जातो, ही मात्र आमची तक्रार आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर मुंबईच्या समुद्रांत नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जीव गेले. बऱ्याच उतारूंच्या अंगावर तरंगतीं जाकिटें नव्हतीं. तांडेलाचा शब्द होडींत अखेरचा असावा, असें आम्हांस वाटतें तें ह्याकरितां.

परतीच्या खेपेस आमच्या तांडेलानें अशीं जाकिटें वांटलीं. आमच्या स्नेह्यांनीं आपलें जाकीट पाठीशीं टेकण्यास घेतलें. बुटांच्या वेळीं गप्प राहिलेल्या त्या माणसानें ह्या वेळीं तें त्यांच्या अंगावर चढेपर्यंत मचवा धक्क्यावरून हलविला नाहीं.