जुना बाँड चांगला होता, पण जुना होता म्हणून नव्हे

वडगाव निंबाळकरच्या पट्ट्यात जेम्स बाँडचे चाहते आहेत हे ऐकून शहरातल्या लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. नीरा-बारामती रस्त्यावरच्या या गावांत ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आणि कॅसेट भाड्याने आणून रात्ररात्र सिनेमे बघितले गेले. नव्वदीनंतर केबल आली आणि हिंदी बोलणारा बाँड घरात पोचला. ते बघणारी पोरं आता पन्नाशीत आहेत आणि त्यांचं मत पक्कं झालंय: खरा बाँड शॉन कॉनरी आणि रॉजर मूरचा. तेव्हा माणूस खरी उडी मारायचा, गाडी खरी उलटायची, कॅमेरा थांबून नीट दाखवायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं आणि दृश्य डोळ्यांपुढे ठरत नाही.

हे मत मांडणारी माणसं माझी आहेत. ते चित्रपट मलाही तितकेच प्रिय आहेत. म्हणूनच हा दावा तपासल्याशिवाय सोडवत नाही.

आधी 'तेव्हा कॉम्प्युटर नव्हता' हा भाग घेऊ. या वादात हमखास दाखला दिला जातो तो 1974 च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'चा. थायलंडमधला मोडका पूल, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या फळ्या, आणि त्यावरून उडून हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरणारी गाडी. ही उडी खरीच आहे आणि पहिल्याच प्रयत्नात चित्रित झाली. पण ती जमली कशी? अमेरिकेतल्या बफेलो इथल्या प्रयोगशाळेत वाहन अपघातांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटरवर जे गणित मांडलं जात होतं, त्याच गणितातून गाडीचं वजन, फळीचा कोन आणि वेग आधी काढला गेला. वेग ठरला ताशी सुमारे 40 मैल. वजनाचा तोल मधोमध राहावा म्हणून चालकाची जागा आणि स्टिअरिंग गाडीच्या मध्यभागी आणलं. म्हणजे जुन्या खरेपणाचा सगळ्यात मोठा पुरावा कॉम्प्युटरच्या मदतीनेच उभा राहिला होता. आणि त्याच क्षणावर निर्मात्यांनी शिट्टीचा एक गमतीशीर आवाज चढवून पुरती माती केली. जुन्या काळालाही आपल्या हातातलं सोनं ओळखता आलं नव्हतं.

दुसरा दावा, की तेव्हा खोटं नव्हतं. तर 1965 चा 'थंडरबॉल' पुन्हा लावा आणि शेवटची बोटीवरची मारामारी बघा. चित्रफीत जास्त वेगाने पळवली आहे आणि खिडकीबाहेरचा समुद्र मागच्या पडद्यावर चालतो आहे, हे लहान पोरालाही कळेल. 1977 च्या 'द स्पाय हू लव्हड् मी'मध्ये रिक सिल्व्हेस्टर कॅनडातल्या बर्फाळ कड्यावरून स्कीसकट खरोखर खाली झेपावला, पॅराशूट उघडलं आणि जग थक्क झालं. त्याच्याच अलीकडे स्कीवर डुलणारा रॉजर मूर मात्र स्टुडिओत उभा आहे. पाणबुड्या गिळणारं ते प्रचंड तेलवाहू जहाज डेरेक मेडिंग्जने बनवलेली प्रतिकृती आहे. मला त्या प्रतिकृतीबद्दल नितांत आदर आहे. पण आदर करायचा तर ती युक्ती होती हे मान्य करून करावा. आपल्या फाळक्यांनी 1917 मध्ये 'लंकादहन' आणि 1919 मध्ये 'कालिया मर्दन' केले ते युक्त्यांच्या बळावरच. सिनेमा नावाची कला आपल्याकडे उभी राहिली तीच मुळी अशी. युक्तीला खोटेपणा म्हणून हिणवणाऱ्याने आधी फाळक्यांना उत्तर द्यावं.

आणखी एक गोष्ट. आपण जो 'जुना बाँड' उराशी धरून बसलो आहोत, तो आपण पूर्ण पाहिलाच कुठे? 'थंडरबॉल'पासून यातले बहुतेक चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झालेले. आपल्या चौकोनी टीव्हीवर ते बसवताना दोन्ही कडा छाटल्या जात, आणि केन ॲडमने उभारलेले भव्य सेट त्या छाटणीत जात. 1967 च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधल्या ज्वालामुखीच्या पोटातल्या तळावर दहा लाख डॉलरच्या घरात खर्च झाला होता. 1962 चा 'डॉ. नो' हा अख्खा चित्रपट जवळपास तेवढ्यात बनला होता.

इतकं झाल्यावर प्रतिपक्षाचं एक म्हणणं उरतं, आणि ते खरं आहे: दृश्य डोळ्यांपुढे ठरत नाही. 2002 च्या 'डाय अनदर डे'मध्ये बाँड हिमलाटेवर स्वार होतो, त्या दृश्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण दुखणं काळाचं नाही, हे दाखवायला दोनच चित्रपट पुरेत. 2006 चा 'कसिनो रॉयाल' आणि 2008 चा 'क्वांटम ऑफ सोलेस'. दोन्हींत डॅनियल क्रेग, आणि दुसऱ्याची कथा पहिल्याला जोडूनच सुरू होते. पहिल्यात मार्टिन कॅम्पबेल आपल्याला बांधकामावरच्या क्रेनवर नेतो. कोण वर, कोण खाली, उडी किती लांब, चुकली तर पडणार कुठे, हे सगळं आधी दाखवतो आणि मग पळापळ सुरू करतो. त्याच चित्रपटात गाडीने सात कोलांट्या खाल्ल्या, त्या खऱ्या, आणि त्यांची विक्रम म्हणून नोंद झाली. दुसऱ्याच्या सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग इतक्या बारीक तुकड्यांत कापला आहे की कुठली गाडी कुणाची हे समजेपर्यंत दृश्य संपतं. मधे फक्त दोन वर्षं. फरक पडला तो दिग्दर्शकाच्या निर्णयाने.

झटपट कापणं म्हणजे वाईट, असंही नाही. 1963 च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली रेल्वेच्या डब्यातली मारामारी त्या काळाच्या मानाने फार वेगाने कापलेली आहे. पीटर हंट हा संकलक त्यासाठीच नावाजला गेला. तिथे पार्श्वसंगीतही नाही, नुसते धक्के, धापा आणि गाडीचा खडखडाट. तरी डबा केवढा अरुंद आहे, चाकू कुठे आहे, कोण कुणाच्या वर आहे, हे क्षणभरही सुटत नाही. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा भोवतीच्या माणसाला पट कसा काढला, ढाक कुठे बसली हे दिसतं, म्हणून तो जागेवरून उठून टाळ्या देतो. डाव दिसलाच नाही तर निकाल सांगून काय उपयोग? हंट, कॅम्पबेल आणि 1977 ची ती उडी टिपणारे लोक प्रेक्षकाला डाव दाखवत होते. आपल्याला हवंहवंसं वाटतं ते हे. ते 1963 मध्ये होतं, 2006 मध्ये होतं, आणि 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्येही आहे. त्या चित्रपटासाठी इटलीतल्या माटेरा गावात मोटारसायकलची उडी खरी मारली. गुळगुळीत फरशीवर चाकं घसरू नयेत म्हणून कोकाकोला ओतून रस्ता चिकट केला होता. इतकी बारीक मेहनत आजही होते आणि आम्ही ती न बघताच 'सगळं कॉम्प्युटर' म्हणून हात झटकतो, हा त्या माणसांवर अन्याय आहे.

2025 मध्ये या मालिकेच्या निर्मितीची सूत्रं ब्रॉकोली कुटुंबाच्या हातून ॲमेझॉनकडे गेली, आणि पुढच्या चित्रपटासाठी डेनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकाचं नाव जाहीर झालं. अशा वेळी 'जुनं ते सोनं' एवढंच म्हणत राहिलो तर आपल्याला जुन्याची नक्कल मिळेल: तीच गाडी, तोच कोट, तेच संवाद. माझ्या पट्ट्यातल्या बाँडप्रेमींना सांगणं आहे, पुढचा चित्रपट येईल तेव्हा तो जुन्यासारखा आहे का हे बघू नका. डाव दिसतो का ते बघा, आणि दिसला नाही तर दिग्दर्शकाचं नाव घेऊन तक्रार करा.