पुस्तकाच्या तोंडाला कुलूप कशाला?

पुस्तकाने मुकाट पडून राहावे, हेच त्याचे शील, असे मानणारी मंडळी ई-रीडरच्या धंद्यात फार! २०११ साली ईपब ३ या मानकाने पुस्तकाच्या पोटात स्क्रिप्ट, म्हणजे छोटीशी आज्ञावली, घालण्याची सोय केली. मुलाने गणित सोडवावे आणि त्याच पानाने त्याची चूक दाखवावी! पण ती आज्ञावली चालवायची की नाही, हे मानकाने यंत्रवाल्यांच्या मर्जीवर सोडले. म्हणून ॲपल बुक्समध्ये बोलणारे पुस्तक किंडलवर मुके होते.

म्हणे, ई-इंकचा पडदा मंद! असेना; पान उलटण्याइतका वेळ उत्तरासाठी थांबायला आमची मुले तयार आहेत. आज्ञावली वाचकावर टेहळणी करील, हे भय मात्र मला खरे वाटते. मग तिची इंटरनेटकडची वाट बंद करा. तोंड कशाला दाबता? शिवाय, आज्ञावली बंद असतानाही मजकूर वाचता आला पाहिजे, हा दंडक त्याच मानकात आहे. म्हणजे ज्याला ती नको, त्याचे काडीचेही नुकसान नाही.

वाचकहो, घरच्या कपाटाची किल्ली घरधन्याच्या कनवटीला असते, दुकानदाराच्या नव्हे. ही किल्लीही आपल्याच हाती हवी!