कोयत्याची धार व ग्राइंडरचे कवच

कोयता, कुऱ्हाड यांना धार लावण्यासाठी विजेवर चालणारा हातातील ग्राइंडर आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी दिसतो. यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु चकतीवरील पत्र्याचे कवच ‘आड येते’ म्हणून काढून ठेवण्याची जी रीत पडत आहे, ती सर्वस्वी त्याज्य होय. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. ती फुटल्यास उडणारा तुकडा चुकविण्यास माणसाला अवधीच मिळत नाही. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये, आणि कापण्याच्या पातळ चकतीच्या कडेने धार तर मुळीच लावू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, उपरण्याचे टोक लोंबते नसावे. कडब्याची गंजी ठिणग्यांपासून दूरच बरी.

जोर दिल्याने धार लवकर येते, हा समजही चुकीचा आहे. पोलाद तापून निळे पडले की हत्याराचे पाणी उतरले असे समजावे. मग असा कोयता ऊसतोडीत फार काळ टिकत नाही. पाते पायाखाली न दाबता ठोकळ्यावर पक्के आवळावे, चकती हलकेच टेकवावी व पाते तापू लागताच थांबावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी कवच नसलेले यंत्र सुरूच करू नये, मग ते सरपंचांचे का असेना.