कुठपर्यंत आलंय?

परीक्षांच्या मोसमात अकरावी-बारावीच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरानंतर एक ठरावीक फोटो येतो. क्लासच्या शीटचं पान, तिरकं धरलेलं, अर्ध्या भागावर हाताची सावली, आणि खाली ‘प्लीज सॉल्व्ह, अर्जंट’. पानावर सहा गणितं असतात. त्यातलं कोणतं हवंय, हे पाठवणारा सांगत नाही. चौघं ‘सेम डाउट’ म्हणतात, कोणी हात जोडतं, आणि सकाळपर्यंत तो फोटो मीम्सच्या ढिगाऱ्याखाली गेलेला असतो.

मी एके काळी गणित शिकवत होते, हे नातलगांच्या अजून लक्षात आहे. त्यामुळे ‘क्लासला एवढे पैसे ओतूनही पोरांच्या शंका तशाच राहतात, नेटवर कुठे विचाराव्यात?’ अशी चौकशी माझ्याकडे अधूनमधून होते. कुठे ते सांगते, पण अडतं ते बहुतेक वेळा दुसरीकडेच.

अनोळखी माणसांपुढे गणित टाकून उत्तराची वाट बघणं ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. पुण्याचा या प्रकाराशी शंभराहून अधिक वर्षांचा संबंध आहे. १९०७ साली मद्रास इलाख्यातले एक डेप्युटी कलेक्टर, व्ही. रामस्वामी अय्यर, यांनी गणितप्रेमींचं एक मंडळ काढलं. त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं मुख्यालय पुण्यात होतं आणि ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात. रँग्लर परांजपे तेव्हा तिथले प्राचार्य होते. परदेशी नियतकालिकं एकट्या-दुकट्याला परवडत नसत, म्हणून सगळ्यांनी मिळून मागवायची आणि टपालाने फिरवायची, असा बेत होता. सोसायटीच्या जर्नलात प्रश्नांचं सदर असे. कोणीही प्रश्न पाठवावा, कोणीही उत्तर धाडावं.

याच सदरात १९११ मध्ये रामानुजन यांनी २८९ क्रमांकाचा प्रश्न टाकला. एक वर्गमूळ आहे. त्याच्या आत १, अधिक २ गुणिले दुसरं वर्गमूळ. त्या दुसऱ्याच्या आत १, अधिक ३ गुणिले तिसरं. त्याच्या आत १, अधिक ४ गुणिले पुढचं, आणि असं अनंतापर्यंत. किंमत काढा. तीन अंक निघाले, सहा महिने गेले, उत्तर काही येईना. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं: ३. हे पाढे येणाऱ्या कोणालाही पटवता येतं. ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ अधिक बे चोक आठ. त्यातला ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, १६ म्हणजे १ अधिक तीन पाचे पंधरा. तो ५ म्हणजे २५ चं, १ अधिक चार सक चोवीस. चालू द्या. (काटेकोर सिद्धतेला आणखी थोडी शाई लागते, पण गंमत एवढ्यातच आहे.)

रामानुजन यांनी नुसता प्रश्न टाकला, ‘मी हे करून पाहिलं’ वगैरे काही लिहिलं नाही. ते शोभलं, कारण उत्तर त्यांच्या खिशात होतं. ते आव्हान होतं, अडचण नव्हती. अनोळखी माणसाकडून काही हवं होतं तेव्हा त्यांनी अगदी उलट केलं. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं, त्यासोबत आपल्या निकालांची पानंच्या पानं जोडली. हार्डींनी मनावर घेतलं ते ती पानं वाचून.

आता आजचे पत्ते. अकरावीच्या त्रिकोणमितीपासून एम.एस्सी.च्या टोपॉलॉजीपर्यंत काहीही असो, मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंजवर जावं. २०१० पासून चालू आहे आणि फुकट आहे. मॅथओव्हरफ्लो हे त्याचं वर्षभराने थोरलं भावंड, बर्कलीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं. ते संशोधकांसाठी आहे, तिथे जेईईचं गणित नेऊ नये. ऑलिम्पियाडच्या वाटेवरच्या मुलांसाठी आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. आपल्या रीजनल आणि नॅशनल ऑलिम्पियाडचे जुने प्रश्न तिथे चार-चार उकलींसह सापडतात. मात्र एखादी स्पर्धा चालू असताना तिचा प्रश्न कुठेही टाकला, तर ती सरळ फसवणूक धरली जाते. विचारण्याआधी शोधावंही. सूत्र गूगलमध्ये धड टाइप होत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी ॲप्रोच झीरो नावाचं शोधयंत्र आहे, ते सूत्रावरून जुने प्रश्न हुडकून देतं.

स्टॅक एक्स्चेंजवर नव्या मुलांचे प्रश्न पटापट बंद होतात. ‘संदर्भ अपुरा’ असा शेरा बसतो आणि पोरं अपमान झाल्यासारखी परत येतात. पुणेरी पाट्या वाचत वाढलेल्यांनी तरी याचा एवढा धसका घेऊ नये. म्हणणं साधं असतं: गणित टाइप करून लिहा, फोटो नको, कारण फोटोतलं गणित उद्या कोणाला शोधून सापडणार नाही. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये सूत्र लिहायची एक पद्धत आहे, ती तासाभरात हाताला बसते. शीर्षकात ‘हेल्प’ नको, गणित हवं. आणि तुम्ही कुठपर्यंत आलात ते सांगा.

हे शेवटचं सगळ्यात जड जातं. माझी भाची अकरावीत आहे. तिला एक जुनं, प्रसिद्ध गणित मिळालं होतं. कुठलीही पूर्ण संख्या एन घ्या, १ पेक्षा मोठी. एनचा चौथा घात आणि ४ चा एनवा घात यांची बेरीज कधीच मूळ संख्या नसते, हे सिद्ध करा.

‘मावशी, टाकू का नेटवर?’

‘कुठपर्यंत आलंय?’

‘काहीच आलं नाहीये गं, म्हणून तर विचारायचंय.’

‘एन सम असेल तर?’

‘ते सोप्पंय. सगळंच दोनने भागतं.’

‘मग अर्धं झालं की! याला काहीच कसं म्हणतेस?’

फुरंगटून तिने विषम संख्या घालून बघितल्या. ३ घातल्यावर ८१ अधिक ६४, म्हणजे १४५, म्हणजे ५ गुणिले २९. ५ घातल्यावर ६२५ अधिक १०२४, म्हणजे १६४९. इथे बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवला गेला आणि १७ गुणिले ९७ हाती आलं. मग तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: सम संख्यांना जमतंय, विषम संख्यांना दर वेळी दोन अवयव पडताहेत, ते हे असे, पण का पडताहेत ते दिसत नाही.

प्रश्न बंद झाला नाही. खाली कोणीतरी एकच ओळ टाकली: ५ आणि २९ ची सरासरी काढ, मग १७ आणि ९७ ची. ती आली १७ आणि ५७. १७ म्हणजे ९ अधिक ८, आणि ५७ म्हणजे २५ अधिक ३२. दोन्हीकडे एनचा वर्ग अधिक २ चा एनवा घात! सरासरीपासून अवयवांचं अंतर १२ आणि ४०. म्हणजे १४५ हा १७ च्या वर्गातून १२ चा वर्ग वजा केल्यावर उरलेला, आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हटली की अवयव आठवीतल्या पोरालाही पाडता येतात. एन विषम असला की वजा होणारी रक्कम नेहमीच पूर्ण वर्ग असते, तिथे गणित संपलं. एन १ असताना मात्र धाकटा अवयव १ होतो आणि ५ ही मूळ संख्या मिळते. म्हणून ‘१ पेक्षा मोठी’ ही अट.

किल्ली तिच्याच मजकुरात होती. ते दोन अवयव तिने लिहिलेच नसते, तर उत्तर देणाऱ्याला बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने फार तर अख्खी उकल ओतली असती आणि हिने ती वहीत उतरवून घेतली असती. तसं न करता हिने स्वतःच्या प्रश्नाखाली स्वतःच पूर्ण उत्तर लिहिलं. तिथे ते चालतं, उलट आवडतं. ‘सुटलं, थँक्स’ एवढंच लिहून पसार होणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

या अवयवांमागच्या सूत्राला सोफी जर्मेन या फ्रेंच गणितीबाईंचं नाव आहे. बाईमाणसाचं गणित कोण वाचणार, या धास्तीने त्या लाग्रांज आणि गाउस यांना ‘मस्यू लब्लां’ या पुरुषी नावाने पत्रं लिहीत. टोपणनावाने प्रश्न विचारायला भाची लाजत होती, तिला हे सांगितल्यावर तिने असं काही अचाट टोपणनाव घेतलं की ते इथे छापता येणार नाही.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना उगाच वाटते. सूत्र बरोबर असेल तर व्याकरण कोणी बघत नाही, आणि स्टॅक एक्स्चेंजवर तर दुसरं कोणीतरी येऊन वाक्यं नीट करून जातं. चॅटबॉटचं म्हणाल, तर तो थकत नाही, रागवत नाही, आणि चुकीची सिद्धताही तितक्याच ठामपणे देतो. त्याच्याकडून काही घेतलंच, तर ३ आणि ५ घालून तपासल्याशिवाय वहीत जाऊ देऊ नये.

आणि पुण्यात राहून फक्त पडद्यावरच विचारायचं, हेही मला पटत नाही. लॉ कॉलेज रोडजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी ते १९७६ मध्ये काढलं. ऑलिम्पियाडच्या तयारीसाठी मुलं तिथे वर्षानुवर्षं जात आली आहेत. फळ्यापाशी उभं राहून ‘इथपर्यंत येतंय, पुढे नाही’ असं म्हणण्याची सवय एकदा लागली की ऑनलाइन लिहिणं जड जात नाही.

अभ्यंकरांनी स्वतः १९५७ मध्ये एक अटकळ मांडली होती. मोठमोठ्या गणितींनी तिच्याशी झटापट केली. फ्रान्सचे मिशेल रेनो आणि अमेरिकेचे डेव्हिड हारबेटर यांनी ती सिद्ध केली, ते प्रसिद्ध झालं १९९४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी दोघांना कोल पारितोषिक मिळालं. प्रश्न विचारल्यापासून सदतीस वर्षं. आमच्याकडे मात्र प्रश्न टाकून अर्धा तास झाला नाही तोच फोन येतो, ‘मावशी, अजून कोणीच काही बोललं नाही गं!’