रानात जाण्याआधीचं वाचन

रानात जाऊ पाहणाऱ्या तरुणांच्या हाती आज चकमकीने आग पेटवायला आणि फांद्या तोडून निवारा उभारायला शिकवणारी परदेशी पुस्तकं असतात. वडोदऱ्याच्या फतेगंजहून दीड-दोन तासांवरच्या जांबुघोडा अभयारण्यात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या दोन्ही गोष्टींना मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. इथे लागतं ते पाहण्याचं, ऐकण्याचं कसब. मराठीत त्याचं मोठं धन आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता आदिवासींकडून रान शिकून घेतलं आणि ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’ लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ तर एकाच जंगलात मुक्काम करून कसं पाहावं याचा वस्तुपाठच आहे.

ही पुस्तकं विदर्भातल्या रानांची, शिवाय वाट चुकल्यावर काय करावं हे त्यांत नाही, असं कोणी म्हणेल. दुसरं खरं आहे. नकाशावाचन आणि प्रथमोपचार वेगळे शिकावेच लागतात. पण साग, मोह, टेंभुर्णी, बांबू हा पानझडी रानाचा संसार जांबुघोड्यातही आहे. वाघ नसला तरी बिबट्या आणि अस्वल आहेत. आणि मोह गळायच्या दिवसांत अस्वल कुठे येतं हे ज्याने वाचलं आहे, तो भल्या पहाटे त्या झाडाखाली जाणार नाही.