माहितीपट महोत्सव : पडदा नेमका कोणाचा?

माहितीपट म्हणजे प्रेक्षकांच्या गळी उतरवायचे औषध, हा समज आपल्याकडे रुजला त्याला एक सरकारी नियम कारणीभूत आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट आणि अनुबोधपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर चहा पिऊन येत. हाच प्रेक्षक १९९० पासून याच संस्थेने भरवलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे ‘मिफ’मध्ये, माहितीपटांसाठी रांगेत उभा राहू लागला. सक्ती संपते तेथे आस्था सुरू होते, हा या महोत्सवाचा पहिला धडा.

दुसरा धडा कटू आहे. महोत्सव सरकारचा आणि माहितीपटाचा पिंड प्रश्न विचारण्याचा. यातून संघर्ष अटळ होता. २००४ च्या महोत्सवासाठी केवळ भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. दिग्दर्शकांच्या विरोधामुळे अट मागे घेतली गेली, परंतु निवडीच्या टप्प्यावर अनेक टीकात्मक चित्रपट गळाले. गुजरात दंगलीवरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ हा त्यांतलाच एक. अखेर दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला.

तथापि, सरकारी व्यासपीठ म्हणजे केवळ मुस्कटदाबी, असा निष्कर्षही घाईचा ठरेल. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील १९९७ च्या गोळीबारापासून सुरू होणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०१२ मध्ये याच ‘मिफ’मध्ये गौरवला गेला. त्याच पटवर्धनांच्या ‘विवेक’ला २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात प्रदर्शनासाठी केंद्राची सूट मिळाली नाही आणि उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. न्यायालयाने प्रदर्शनास परवानगी दिली. दार उघडे राहणे नियमापेक्षा त्या त्या वेळच्या मर्जीवर अवलंबून असते, हेच यातून दिसते.

हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण माहितीपटाला दुसरे घर नाही. चित्रपटगृहे त्याला खेळ देत नाहीत, वाहिन्या वेळ देत नाहीत आणि ऑनलाइन मंच वादाचा विषय टाळतात. ‘ऑल दॅट ब्रीद्स’, ‘रायटिंग विथ फायर’ यांसारखे भारतीय माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले, पण ते अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहण्याची संधी किती भारतीयांना मिळाली?

फिल्म्स डिव्हिजनच्या विलीनीकरणाचा निर्णय केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. २०२४ चा अठरावा ‘मिफ’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने भरवला आणि मुंबईबरोबर पुण्यासह अन्य शहरांतही त्याचे खेळ झाले. पडदे वाढले, हे स्वागतार्हच. मात्र महोत्सवाची कसोटी पडद्यांच्या संख्येवर लागत नाही. आयोजकांना अवघडल्यासारखे वाटेल असा एखादा तरी चित्रपट त्यावर दिसतो का, यावर ती लागते. प्रेक्षकांनीही कार्यक्रमपत्रिका चाळताना कोणते चित्रपट आले याबरोबर कोणते आले नाहीत, हे विचारायला हवे.